लघवीची नळी लावलेल्या पेशंटजवळ पहिल्यांदाच बसताय? इन्फेक्शन आणि अँटिबायोटिकबद्दल हे पायरी पायरीने समजून घ्या

घरातलं माणूस ॲडमिट झालं की सगळ्यांचं लक्ष सलाईनच्या बाटलीकडे असतं, किती राहिलं, थेंब नीट पडतायत का, संपत आलं की सिस्टरला हाक मारायची. पलंगाच्या खालच्या बाजूला लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे मात्र कुणी बघत नाही. मी बरीच वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत नर्स म्हणून काम करतेय, आणि पेशंट ज्या आजारासाठी आला तो बरा होत आलेला असताना अचानक थंडी वाजून ताप भरला, मुक्काम वाढला, असं होतं तेव्हा पुष्कळदा शोधत शोधत आपण त्या नळीपाशीच येऊन पोचतो.

हे दोघांसाठी लिहितेय, एक म्हणजे पेशंटजवळ बसणारे घरचे आणि दुसरे म्हणजे वॉर्डात नुकतेच रुजू झालेले नवीन नर्सेस. काही कामं घरच्यांनी करायचीच नाहीत, फक्त बघायचं आणि विचारायचं, ते त्या त्या जागी सांगते. औषध कुठलं आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवणार, पण ते तसं का ठरवतात हे कळलं की तुमची भीती निम्मी कमी होते आणि नको ती औषधं मागायचंही थांबतं.

आधी नळी आणि जंतू यांचं काय नातं आहे ते

वॉर्डात जिला नुसतं 'फोलीज' म्हणतात ती ही नळी. फ्रेडरिक फोली नावाच्या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांचं नाव तिला मिळालंय, १९३० च्या दशकात त्यांनी टोकाला फुगा असलेली ही नळी आणली. नळी मूत्राशयात गेली की फुग्यात पाणी भरतात, त्यामुळे ती बाहेर निसटत नाही. कल्पना साधी आहे आणि तिने असंख्य लोकांचा त्रास वाचवलाय, त्यामुळे नळी वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण शरीराचं स्वतःचं एक संरक्षण असतं ते नळीमुळे जातं. आपण लघवी करतो तेव्हा त्या जोरात मूत्रमार्गातले जंतू धुऊन निघतात, मूत्राशय पूर्ण रिकामं होतं. नळी असताना तो जोर नसतो, आणि लघवी आत येण्याचं भोक फुग्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे खाली थोडीशी लघवी कायम साचलेली राहते. वर बाहेरच्या जगातून थेट मूत्राशयापर्यंत जायला एक रस्ताच तयार झालेला असतो. जंतू नळी घालताना आत ढकलले जाऊ शकतात, नंतर नळीच्या बाहेरच्या बाजूने त्वचेवरून सरकत वर जातात, किंवा पिशवीतून आणि जोडातून नळीच्या आतल्या बाजूने चढतात. बहुतेक वेळा हे जंतू पेशंटच्याच आतड्यातले असतात, ई. कोलाय सगळ्यात जास्त, मग क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस, स्यूडोमोनास, आणि कॅन्डिडा नावाची बुरशी.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बायोफिल्म. पाण्याची टाकी बरेच दिवस घासली नाही तर आतून बोटाला बुळबुळीत लागतं ना, तसाच थर नळीवर आतून बाहेरून तयार होतो. त्या थरात जंतू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही आणि जे जंतू खोलवर सुस्त पडून असतात त्यांच्यावर औषधाचा परिणामही कमी होतो. म्हणून जुनी नळी तशीच ठेवून नुसतं अँटिबायोटिक देत राहिलं की ताप उतरतो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा येतो. प्रोटियस नावाचा एक जंतू तर युरिया फोडून लघवी अल्कलाइन करतो, मग त्यात क्षार बसतात, नळी आतून चुन्यासारखी कडक होते आणि तुंबते.

आता आकडे सांगते, कारण पुढची सगळी घाई कशासाठी आहे ते त्यातून कळेल. हॉस्पिटलात ॲडमिट होणाऱ्यांपैकी साधारण १५ ते २५ टक्के लोकांना कधी ना कधी ही नळी लागते. हॉस्पिटलात होणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनपैकी साधारण ७५ टक्के नळीशी जोडलेली असतात. आणि नळी असलेल्या प्रत्येक दिवसाला लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे दहा दिवस नळी राहिली तर चारातल्या एकापासून ते निम्म्या पेशंटपर्यंत लघवीत जंतू सापडणार, महिना झाला की जवळजवळ सगळ्यांच्याच. म्हणून दिवस मोजायचे.

पायरी १ : 'नळी कशासाठी?' हे पहिल्याच दिवशी विचारा

हा प्रश्न विचारायला लोक फार लाजतात, डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. नाही येत. शांतपणे विचारायचं, "डॉक्टर, ही नळी कशासाठी आहे आणि साधारण कधी काढायची?" एवढंच.

खरी कारणं मोजकी आहेत. लघवी तुंबली आहे, पेशंट इतका सिरीयस आहे की दर तासाला किती लघवी होते ते मोजायलाच हवं, काही ठराविक किंवा लांबलेली ऑपरेशन्स, पाठीच्या कण्याला किंवा कमरेच्या हाडाला मार असल्यामुळे हलवताच येत नाही, बसण्याच्या जागी मोठी जखम आहे आणि लघवीने ती सारखी भिजतेय, किंवा शेवटच्या दिवसांत पेशंटला आराम मिळावा म्हणून. यातलं काहीतरी एक उत्तर मिळालं पाहिजे.

पेशंटला उठवायला त्रास होतो, चादर ओली होते, रात्री झोपमोड होते, ही कारणं पुरेशी नाहीत. मला माहितीये रात्री चार वेळा पॉट द्यायला उठणाऱ्या माणसाचे हाल काय असतात, आणि स्टाफ कमी असला की आमचेही होतात. तरीही बेडपॅन, युरिन पॉट, डायपर, पुरुषांसाठी बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर, किंवा लघवी तुंबत असेल तर ठराविक वेळाने नळी घालून लगेच काढून घेणं, हे पर्याय आधी विचारात घ्यायचे. एक अजून गोष्ट, म्हाताऱ्या माणसाला नळी लावली की तो पलंगाला बांधल्यासारखाच होतो, उठत नाही, चालत नाही, गोंधळलेला असेल तर नळी ओढतो, फुगा फुगलेलाच असतो त्यामुळे रक्त येतं.

पायरी २ : तारीख लिहून ठेवा

नळी कुठल्या दिवशी घातली ते फाईलमध्ये असतंच पण तुम्ही तुमच्या मोबाईलमध्येही टाका. रोज सकाळच्या राऊंडला "आज पाचवा दिवस आहे नळीचा, अजून लागेल का?" असं विचारा. हा एक प्रश्न माझ्या मते या सगळ्या लेखातला सगळ्यात मोठा उपाय आहे. कारण नळी पांघरुणाखाली असते आणि ती सगळ्यांच्या डोक्यातून निघून जाते. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नळी असलेल्या पेशंटपैकी साधारण २८ टक्के वेळा त्यांच्या डॉक्टरांना नळी आहे हेच माहीत नव्हतं. डॉक्टर वाईट होते म्हणून नाही, तर आठवण करून देणारं कुणी नव्हतं म्हणून.

नवीन नर्सेससाठी घालतानाचं थोडक्यात सांगते. हात धुवा, स्टराईल ग्लोव्ह्ज आणि ट्रे, एकटीने धडपड करू नका, मदतीला कुणीतरी घ्या. लघवी नीट वाहील अशी पण शक्य तितकी बारीक नळी घ्या. लघवी आल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही, आणि पुरुषांमध्ये लघवी आल्यावरही नळी पूर्ण आत सरकवूनच फुगवायचा, नाहीतर फुगा मूत्रमार्गातच फुगतो आणि मार्ग फाटतो. फुग्यात स्टराईल वॉटर भरा, सलाईन नको, त्यातलं मीठ जमून पुढे फुगा रिकामा होताना अडचण येऊ शकते. बायकांमध्ये चुकून नळी योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या खूण म्हणून, आणि दुसरी नवीन नळी घ्या, तीच काढून पुन्हा घालायची नाही. मग नळी मांडीला चिकटवून बसवा, म्हणजे हलताना ती आत-बाहेर होणार नाही.

पायरी ३ : रोजची काळजी

नळी, मध्ये जोड आणि खाली पिशवी ही सगळी बंद साखळी आहे असं समजा. पूर्वी लघवी उघड्या बाटलीत सोडायचे तेव्हा चार-एक दिवसांत जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत जंतू यायचे, १९६० च्या दशकात बंद पिशवी वापरात आली आणि तेवढ्या एका बदलाने फरक पडला. म्हणून नळी आणि पिशवीचा जोड कुणीही उगाच उघडायचा नाही. पेशंटला अंघोळ घालताना, कपडे बदलताना, एक्स-रेला नेताना "जरा वेळ काढून ठेवू" असं वाटतं, तेच करू नका.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पेशंटला स्ट्रेचरवर घेतलं की पिशवी उचलून त्याच्या पोटावर किंवा पायांमध्ये ठेवतात, आणि मग पिशवीत साठलेली, जंतूंनी भरलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. तपासणीसाठी नेणारे घाईत असतात, तुम्ही सोबत असाल तर पिशवी स्वतःच्या हातात घ्या आणि खाली धरा. व्हीलचेअरवरही तसंच. आणि खाली म्हणजे जमिनीवर नाही हं, पलंगाच्या कडेला हुकला लटकवायची, फरशीला टेकता कामा नये. कठड्याला लावू नका, कठडा वर केला की पिशवीही वर जाते.

नळीला पीळ पडलेला नाही ना, पेशंट तिच्यावरच झोपलेला नाही ना, मध्ये झोळ पडून लघवी तिथे साचलेली नाही ना, हे दिवसातून दोन-चार वेळा बघायचं. लघवी कमी झाली म्हणून घाबरून बोलवतात आणि बघितलं तर नळी मांडीखाली दबलेली असते.

पिशवी पूर्ण भरायची वाट बघू नका, दोन तृतीयांश झाली की रिकामी करायची. हे काम स्टाफने करावं, पण घरच्यांना करावं लागलं तर आधी हात धुवा, ग्लोव्ह्ज घाला, पिशवीच्या खालच्या तोटीचं तोंड भांड्याला टेकू देऊ नका, काम झाल्यावर तोटी पुसून बंद करा आणि पुन्हा हात धुवा. आणि भांडं प्रत्येक पेशंटचं वेगळं पाहिजे. हे मी कळकळीने सांगतेय कारण एकच भांडं घेऊन या पलंगावरून त्या पलंगावर लघवी मोजत जायचं ही सवय अजून गेलेली नाही. शेजारच्या पेशंटच्या लघवीत जो औषधांना न जुमानणारा जंतू आहे तो त्या भांड्याच्या काठावरून आणि न धुतलेल्या हातांवरून तुमच्या पेशंटपर्यंत येतो. तुम्हाला असं दिसलं तर बोला, वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

स्वच्छता म्हणजे रोज साबण-पाण्याने ती जागा धुणं, आणि शी झाल्यावर पुन्हा, पुढून मागे पुसत. एवढं पुरतं. अँटिसेप्टिक, अँटिबायोटिकचं मलम, पावडर, यातलं रोज काही लावायची गरज नाही. मूत्राशय रोज औषधाने धुणं, पिशवीत औषध टाकणं, दर अमुक दिवसांनी ठरवून नळी बदलणं, नळी आहे म्हणून सोबत "सेफ्टीला" अँटिबायोटिक चालू ठेवणं, याने इन्फेक्शन टळत नाही. शेवटचं तर उलट नुकसान करतं, कारण साधे जंतू मरतात आणि त्यांच्या जागी चिवट जंतू येऊन बसतात. पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारून, किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर भरपूर पाणी प्या हा सल्ला चालत नाही.

पायरी ४ : इन्फेक्शन कधी समजायचं, आणि कधी नाही

लघवीत जंतू असणं आणि इन्फेक्शन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नळी महिनाभर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडणार हे वर सांगितलंच. पण त्यातल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. ताप नाही, दुखत नाही, माणूस जेवतोय, बोलतोय, फक्त रिपोर्टमध्ये जंतू आहेत. याला औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गातून ऑपरेशन होणार असलेला पेशंट असे काही मोजके अपवाद सोडले तर नाहीच. औषध देऊन जंतू तात्पुरते जातात, नळी आहे तोवर परत येतात, आणि परत येणारे आधीच्यापेक्षा हट्टी असतात.

लघवी गढूळ दिसली, वास आला, त्यात पांढरे धागे दिसले, रिपोर्टमध्ये पस सेल्स म्हणजे पूच्या पेशी भरपूर आल्या, तर एवढ्यावरून इन्फेक्शन ठरत नाही. नळी हीच मूत्राशयाला बाहेरची वस्तू आहे, तिच्या घर्षणानेच पस सेल्स येतात. आणि कधी पिशवी चक्क जांभळी झालेली दिसली तर हादरून जाऊ नका, बहुतेक वेळा बद्धकोष्ठ असलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये हे होतं, काही जंतू लघवीतल्या एका पदार्थापासून निळे आणि लाल रंग तयार करतात आणि ते प्लॅस्टिकला बसतात. दिसायला भयंकर, पण पेशंटला त्रास नसेल तर ती इमर्जन्सी नाही. सिस्टरला दाखवा, नळीची अजून गरज आहे का ते विचारा.

खरी लक्षणं कोणती? थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणं, कुशीत किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, लघवीत रक्त, माणूस अचानक गळून जाणं, बीपी कमी होणं. नळी काढल्यानंतर पुढच्या दोन दिवसांत लघवीला जळजळ, घाई, सारखं जावंसं वाटणं हेही त्यात आलं. म्हाताऱ्या माणसात अचानक गोंधळ उडाला, ओळखेनासं झालं तर लगेच सांगायचं, पण त्याचं खापर एकदम लघवीवर फोडायचं नाही, कारण झोप नाही, पाणी कमी पडलं, सोडियम कमी झालं, नवीन औषध सुरू झालं, शी साचली, अशी दहा कारणं असतात आणि लघवीत जंतू मिळाले की मग बाकी कुणी शोधतच नाही. ताप आला तरी तेच, छाती, सलाईनची जागा, ऑपरेशनची जखम हे सगळं बघून मग नळीवर यायचं.

थंडीने दात वाजतायत, बीपी पडतंय, श्वास जोरात चाललाय, किंवा दोन-चार तास लघवीचा थेंब नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, यातलं काही दिसलं तर मात्र राऊंडची वाट बघू नका, त्याच मिनिटाला बोलवा.

पायरी ५ : सॅम्पल नीट गेलं का बघा

इथे चूक झाली की पुढचं सगळं चुकतं. पिशवीतली लघवी कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून कुठला आहे ते बघायच्या तपासणीला, पाठवायची नाही, कधीच नाही. पिशवीत लघवी तासन्‌तास साचून तिथे जंतूंची वेगळीच वस्ती झालेली असते. नळीला सॅम्पल घ्यायची ठराविक जागा असते, ती स्पिरिटने पुसून तिथून सिरिंजने घ्यायचं. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि अजून लागणारच असेल तर आधी जुनी काढून नवीन घालायची आणि नवीन नळीतून सॅम्पल घ्यायचं, म्हणजे बायोफिल्ममधले जंतू न येता मूत्राशयात खरंच काय आहे ते कळतं. शिवाय जुनी नळी बदलल्याने ताप उतरायलाही मदत होते. आणि शक्य असेल तिथे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी सॅम्पल. भरलेली बाटली टेबलावर तासन्‌तास पडू द्यायची नाही, लगेच लॅबला, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये.

घरच्यांनी हे करायचं नाही, पण कुणी पिशवीची तोटी उघडून बाटली भरताना दिसलं तर "कल्चरसाठी नळीतूनच घ्यायचं असतं ना?" एवढं विचारायला हरकत नाही.

पायरी ६ : रिपोर्ट वाचताना

जंतू वाढायला साधारण एक ते दोन दिवस आणि कुठलं औषध चालेल हे कळायला अजून एक दिवस लागतो, त्यामुळे "दोन दिवस झाले अजून रिपोर्ट नाही" यात लॅबचा दोष नसतो. पेशंट सिरीयस असेल तर तोवर डॉक्टर अंदाजाने एक औषध सुरू करतात, त्या हॉस्पिटलात कुठले जंतू जास्त सापडतात, पेशंटचे आधीचे रिपोर्ट काय होते, यावरून.

रिपोर्टमध्ये आधी जंतूचं नाव आणि किती वाढले तो आकडा असतो. तीन-चार जातींची मिसळ असं आलं तर बहुतेक सॅम्पल घेतानाच बाहेरचे जंतू मिसळलेत, पेशंटला लक्षणं असतील तर पुन्हा नीट घेऊन पाठवावं लागतं. कॅन्डिडा आला तर तोही बऱ्याचदा नुसता नळीवर बसलेला असतो, नळी काढली की पुष्कळदा आपोआप जातो.

मग औषधांची यादी, समोर एस, आय, आर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही, आय म्हणजे जास्त डोस दिला किंवा औषध तिथे भरपूर पोचत असेल तर चालू शकेल. काही रिपोर्टमध्ये एमआयसी नावाचा आकडाही असतो, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला ते औषध कमीत कमी किती लागतं तो आकडा, आणि इथे घरचे आणि नवीन लोक दोघंही फसतात. ज्या औषधाचा आकडा सगळ्यात लहान तेच सगळ्यात भारी असं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी आहे, एकाचा ०.५ आणि दुसऱ्याचा ४ यांची तुलना करायची नाही, त्या त्या औषधासमोर एस आहे की आर एवढंच बघायचं.

आणि सगळे एस सारखेही नसतात. नायट्रोफ्युरँटॉइन समोर एस असलं तरी ते औषध लघवीतच जमा होतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही, म्हणून थंडी-ताप असलेल्या पेशंटला ते देत नाहीत, किडनी बरीच कमजोर असेल तरीही नाही. डॉक्टरांनी गोळी सोडून इंजेक्शन का लावलं याचं उत्तर कधी कधी इथे असतं.

यादीत आर आर आर अशी रांग दिसली की पोटात गोळा येतो. ईएसबीएल असं लिहिलेलं असेल तर त्या जंतूकडे असं एन्झाइम आहे जे पेनिसिलिन आणि बरीचशी सेफॅलोस्पोरिन औषधं तोडून टाकतं. मग अनेकदा कार्बापेनेम गटातलं इंजेक्शन लागतं. त्यालाही दाद न देणारे जंतू आता आहेत, आणि तिथे उरतात ती कोलिस्टिनसारखी किडनीला इजा करू शकणारी जुनी औषधं किंवा मोजकी नवीन. म्हणून मी एवढ्या पोटतिडकीने लिहितेय. जंतू ही माहिती एकमेकांना देतात, अगदी खरं सांगतेय, औषध कसं तोडायचं याची जनुकं प्लास्मिड नावाच्या छोट्या गोल तुकड्यावर असतात आणि एक जंतू ती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. नळीवरचा तो बुळबुळीत थर म्हणजे वेगवेगळे जंतू दाटीवाटीने एकत्र बसलेत आणि वरून अर्धवट पोचणारं औषध, याहून सोयीची जागा त्यांना मिळणार नाही. जगभरात २०१९ या एका वर्षात थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे सुमारे १२.७ लाख माणसं गेली असा अंदाज आहे.

पायरी ७ : अँटिबायोटिक सुरू झाल्यावर

"डॉक्टर, एकदम स्ट्राँग द्या" हे कृपा करून म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केलीय, ॲक्सेस म्हणजे आधी वापरायची, वॉच म्हणजे जपून वापरायची आणि रिझर्व्ह म्हणजे शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवायची. राखीव औषध आज गरज नसताना वापरलं तर ज्या दिवशी तुमच्याच पेशंटला ते लागेल त्या दिवशी ते चालेलच असं नाही.

सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी कल्चर आलं की विचारा, "रिपोर्ट बघून औषध बदलायचं आहे का?" मोठ्या औषधावरून साध्या औषधावर आणलं तर घाबरू नका, पैसे वाचवायला केलेलं नसतं ते, नेमक्या जंतूसाठी नेमकं औषध म्हणजेच चांगली ट्रीटमेंट. लवकर बरं वाटलं तर साधारण ७ दिवस, उशिरा प्रतिसाद मिळाला तर १० ते १४ दिवस, असा अंदाज असतो, पण प्रत्येकाचं वेगळं. ठरलेले डोस वेळेवर गेले पाहिजेत, आणि थांबवायची तारीख आली की थांबवलंही पाहिजे, आपल्या मनाने चार दिवस जास्त घेणंही चुकीचंच.

एका आजोबांचं सांगते. त्यांना ताप नव्हता, काही नव्हतं, घरी सोडायची तयारी चाललेली. कुणीतरी सहज लघवी कल्चरला पाठवली, ई. कोलाय आला, घरच्यांनी आग्रह धरला की रिपोर्ट खराब आहे तर औषध द्याच. औषध सुरू झालं, पाचव्या दिवशी जुलाब लागले, पाणी कमी पडलं, किडनीचे आकडे वाढले, आणि घरी जाणारे आजोबा आणखी दोन आठवडे राहिले. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखे वाईट वाढतात, त्याचे जुलाब म्हाताऱ्या माणसाला सोसत नाहीत. त्या वेळी मी पुरेसं बोलले नाही याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून लक्षणं नसताना "असंच एकदा" कल्चर पाठवायला सांगू नका. औषध संपल्यावर लघवी क्लिअर झाली का बघायला पुन्हा कल्चर करायचीही बहुतेक वेळा गरज नसते, माणूस बरा आहे ना ते बघायचं.

पायरी ८ : नळी काढताना आणि नंतर

काढायचं ठरलं की उद्यावर ढकलू नका, संध्याकाळी ठरलं तर संध्याकाळी काढायला सांगा. आधी चिमटा लावून मूत्राशयाला "सवय" करायची पद्धत बऱ्याच जणांच्या मनात असते, सर्वसाधारण पेशंटला त्याची गरज नाही. सिरिंजने फुगा पूर्ण रिकामा करायचा, जेवढं पाणी भरलं होतं तेवढं परत आलं का मोजायचं, मगच हळू काढायची. अडकली तर ओढायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

काढल्यावर पहिली लघवी कधी आणि किती झाली ते लिहा. पहिल्या एक-दोन वेळा थोडी जळजळ होते, ते चालतं. सहा-एक तासांत झालीच नाही, किंवा थेंब थेंब होतेय आणि ओटीपोट फुगलंय, तर सांगा, अल्ट्रासाऊंडने आत किती साचलंय ते बघतात आणि लागलं तर एकदा नळी घालून रिकामं करून लगेच काढतात. लगेच पुन्हा कायमची नळी घालायची घाई नको. बद्धकोष्ठ असेल तर तेही सोडवा, साचलेल्या शीचा दाब पडून लघवी अडते हे पुष्कळांना माहीत नसतं. पुरुष असेल तर शक्य झाल्यास आधार देऊन उभं करा, बाई असेल तर कमोडवर बसवा, पलंगावर आडवं झोपून लघवी होणं बऱ्याच जणांना जमतच नाही.

नळीसकट घरी सोडणार असतील तर निघायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या : नळी कशासाठी ठेवलीय, कधी आणि कुणाकडे काढायची किंवा बदलायची, पिशवी रिकामी कशी करायची (ते एकदा सिस्टरसमोर तुमच्या हाताने करून बघा), आणि रात्री तुंबली तर फोन कुणाला करायचा.

कल्चरचे सगळे रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, पुढच्या वेळी कुठल्याही हॉस्पिटलात गेलात की पहिल्यांदा तेच दाखवा. कुठला जंतू होता, कुठल्या औषधांना आर होता, कुठलं औषध चाललं आणि कशाची ॲलर्जी आली, एवढं पहिल्या तासात डॉक्टरांच्या हातात पडलं की सुरुवातीचं औषध अंदाजाने न देता पाहून देता येतं.